ऊदाच्या घरातला फेस

मी फेस काढणारा बोलतोय. दुकानात मला स्किमर म्हणतात. काम करून करून तुमच्या तोंडाला फेस येतो. माझ्या तोंडाला तो आला नाही, तर मी कामचुकार ठरतो.

घरात खाऱ्या पाण्याची काचेची टाकी ठेवून समुद्रातले मासे पाळणारे लोक असतात. मासे खातात, घाण करतात, आणि ते पाणी तिथंच राहतं. मी ते पोटात घेतो, त्यात बारीक बुडबुडे सोडतो आणि घाण फेसावर बसवून डोक्यावरच्या पेल्यात काढतो. पाकातली मळी काढतात तसंच, फक्त माझी मळी कुणी चाखून बघत नाही.

माझा जन्म चीनमधल्या एका कारखान्यात झाला. त्यात सांगण्यासारखं काही नाही, आम्ही सगळे एकसारखेच होतो. खोक्यातून बाहेर आलो तो थेट केनियातल्या मोंबासात, कादेंगेच्या दुकानात. तिथं फराजी मला निवडायला आला.

फराजी पाणबुड्या होता. प्रवाळातले रंगीत मासे जिवंत पकडायचे आणि परदेशी धाडणाऱ्यांना विकायचे, हा त्याचा धंदा. एका बुडीत उजव्या कानाचा पडदा फाटला आणि डॉक्टरांनी पाण्यात उतरायची कायमची बंदी केली. त्या शेवटच्या बुडीत हाती लागलेला निळा मासा मात्र त्यानं विकला नाही. आपल्याला समुद्रात जाता येत नाही म्हणून त्यानं समुद्रच बैठकीत आणून ठेवला.

टाकी केवढी, मासे किती, खायला काय घालता, असं सगळं विचारून कादेंगेनं फळीवरच्या आम्हा तिघा स्किमरांना चालू करून दाखवलं. फराजीची अट एकच होती, आवाज नको. कारण त्याच्या बायकोची, सौमूची, तीच अट होती. त्यानं वाकून एकेकाला कान लावला. मी भिंतीच्या कडेला होतो, त्यामुळे माझ्या वाट्याला त्याचा उजवा कान आला.

"हा अगदी मुका आहे," फराजी म्हणाला आणि त्यानं मला घेतलं. कादेंगेनं लगेच पावती फाडली.

मला चालू केल्यावर सौमू म्हणाली की यापेक्षा पिठाची गिरणी आणली असती तर पीठ तरी मिळालं असतं. पुढं आवाजाची तिला सवय झाली. वासाची झाली नाही.

टाकीला वास यायचा, हे मी नाकारत नाही. सौमूकडे त्यावर उपाय होता, ऊद. अगरूचे तुकडे साखरेत शिजवून, वर सुगंधी तेल घालून ती तो घरीच करायची. फराजी समुद्रात जायचा तेव्हा त्याचे कपडे धुपाटण्यावर धरून तिनं संसारभर मासळीचा वास घालवला होता. आता टाकीला वास आला की ती बैठकीत ऊद घालायची.

इथंच माझा घात झाला. हवा ओढायला मला एक बारीक नळी आहे आणि ती बैठकीतलीच हवा ओढते. ऊदाच्या धुरात तेल असतं. तेल आलं की माझा फेस बसतो. फेस बसला की घाण पाण्यात राहते, पाण्याला वास येतो, आणि वास आला की सौमू आणखी ऊद घालते. आम्ही दोघांनी एकमेकांच्या नाकी नऊ आणले होते. बोलणी मात्र मीच खाल्ली.

निळा मासा खाईनासा झाला. कोपऱ्यात तोंड घालून उभा राहायचा, आणि फराजी त्याच्यासमोर तसाच बसून राहायचा. ईदेला पाहुणे येतील, त्याआधी एक तर वास जाईल नाहीतर टाकी, असं सौमूनं बजावलं आणि ती भाचीच्या लग्नाला लामू बेटावर निघून गेली.

घरातला ऊद थांबला. माझा फेस वर चढला आणि पेल्यात कोऱ्या चहासारखं पाणी साचू लागलं. टाकी निवळली. मासा कोपऱ्यातून बाहेर आला आणि शेवाळ ओढून ओढून खायला लागला. फराजीला कारण कळलं नाही, पण त्यानं कादेंगेला फोन करून माझं कौतुक केलं.

सौमू परत येणार त्या दिवशी त्यानं घर झाडलं, नारळाच्या दुधातला भात शिजवला आणि तिला आवडतो म्हणून स्वतः ऊद घातला. धुपाटणं घेऊन तो टाकीपुढून गेला आणि त्याच्या देखत माझा फेस खाली बसला. फराजी थबकला. धुपाटण्याकडे बघितलं, माझ्या नळीकडे बघितलं आणि सगळा घोटाळा त्याच्या ध्यानात आला. बायकोला आता सांगायचं काय, की तू नव्हतीस म्हणून घराचा वास गेला?

सौमूनं दारातूनच हुंगून पाहिलं. "वास गेला की हो. काय केलंत?"

"काही नाही," फराजी म्हणाला. धुपाटणं त्यानं पाठीमागे धरलं होतं आणि पाठीमागून धूर येत होता.

सौमूनं निवळलेलं पाणी पाहिलं, बसलेला फेस पाहिला, धूर पाहिला. "मी गेल्यापासून ऊद कधी घातलात?"

"आज."

"म्हणजे वास माझ्यामुळे होता."

"तुझ्यामुळे नाही, ऊदामुळे."

"या घरात ऊद कोण करतं?"

यावर फराजीनं दोन्ही कान गेल्यासारखा चेहरा केला. सौमू पिशवी हातात धरून तशीच उभी राहिली. मला तिच्यासाठी वाईट वाटलं. माया करायची तिला जी रीत ठाऊक होती, तीच तिनं केली होती.

मग पिशवी खाली ठेवून तिनं विचारलं, "हा श्वास कुठून घेतो?"

फराजीनं नळी दाखवली. तिनं ती खिडकीकडे ओढून पाहिली, पुरेना. ती स्वतः कादेंगेकडे जाऊन लांब नळी घेऊन आली.

ईद होऊन गेली. पाहुण्यांनी ऊदाची तारीफ केली आणि निळ्या माशाचीही. माझी नळी आता खिडकीबाहेर असते. तुमच्याही घरात माझ्यासारखा कुणी असेल, तर खिडकी लावताना नळी चेपू नका, एवढंच मागणं आहे.

पेला आता सौमूच रिकामा करते. ओतण्याआधी दर वेळी हुंगते आणि तोंड वाकडं करते. हे कशाला करतेस, असं फराजीनं परवा विचारलं.

"तुम्ही समुद्रावरून यायचात ना, तेव्हा अगदी असाच वास यायचा," ती म्हणाली, आणि पेला न ओतताच जरा वेळ हातात धरून बसली.