‘कम इन’चा अर्थ

कान्हे गावच्या शाळेतली सारवलेली जमीन अजून ओली होती. गोपाळकृष्ण मास्तर इंग्रजी शिकवण्याचा तीन आठवड्यांचा वर्ग करून आदल्याच दिवशी पुण्याहून परतले होते. वीस वर्षे त्यांनी मुलांकडून शब्दार्थ घोकवून घेतले. आता नवी रीत. मराठीत अर्थ सांगायचा नाही. खुणा करायच्या, बोलायचे. मुलांनी ऐकून तसे वागायचे.

तिघा मुलांना पडवीत उभे करून त्यांनी दारातून हाताने खूण केली. "कम इन."

"मास्तर माशा हाकत्यात जनू," पाटलांचा सोपान पुटपुटला.

मास्तर हसले. घाई न करता पुन्हा म्हणाले, "कम इन."

पडवीच्या खांबाशी बया बसली होती. रेल्वेतल्या गँगमन कोंडाजीची लेक. गावकुसाबाहेरची, म्हणून चार वर्षे तिथूनच शिकत आलेली. ती उठली, परकर झटकला आणि उंबरा ओलांडून आत आली.

रीत खरी ठरली, मास्तरांना वाटले. क्षणभरच. आतली मुले भिंतीकडे सरकली आणि सोपान घराकडे पळत सुटला.

रखमाजी पाटील चौघांना घेऊन आले. आवाज चढवला नाही. "मास्तर, पोरीला आत तुमी बोलावलं व्हय?"

बया मास्तरांकडे पाहत होती.

"नाही," मास्तर म्हणाले. "धडा चालला होता. तिला शब्द कळला नाही."

"कळत न्हाई, तर पडवी तरी कशाला अडवायची?"

दुसऱ्या दिवसापासून खांबापाशी कोणी बसले नाही. आठवड्याने मास्तर मळवलीच्या बाजूला रुळांकडे गेले. बया डोक्यावरून खडीची पाटी वाहत होती. तिने वर पाहिले नाही. कोंडाजीने घाम पुसला.

"ती मला रोज इचारती, मास्तर. 'आबा, कम इन म्हंजी आत ये, आसंच न्हवं?' मी आडाणी मानूस. काय सांगू तिला?"

मास्तर आल्या वाटेने शाळेकडे वळले.

शाळेत पुण्याहून आलेला कागद पडून होता: शिक्षकांसाठीच्या वर्गाचा उपयोग किती झाला? मास्तरांनी लिहिले, 'तीस मुलांत एकीला अर्थ कळला. तिला तो कळला नाही, असे मी गावासमोर खोटे सांगितले. तिचे नाव शाळेतून गेले.'

कागद पाकिटात घालून ते उठले. हेच आता पाटलांच्या ओसरीवर, चौघांदेखत, मराठीत सांगायचे होते.