पेट न घेणाऱ्या फियाटची कैफियत

मी एक जुनी फियाट मोटार आहे. मित्रांनो, जुनेपणाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती गेल्या दसऱ्याला तीन दिवस माझ्यावर जे ज्ञान पाजळले गेले त्याबद्दल.

माझा जन्म १९६८ सालचा, कुर्ल्याच्या कारखान्यातला. अकरा वर्षे मी मिरजेच्या एका डॉक्टरांकडे काढली. पुढे सैन्यातून निवृत्त झालेल्या हवालदार सयाजींनी मला तासगावजवळच्या आपल्या द्राक्षमळ्यात आणले. सैन्यातही ते चालकच होते. रोज सकाळी आधी माझे तेलपाणी, मग स्वतःचा चहा, असा त्यांचा नेम होता. त्यांच्या पत्नी राहीबाई यांना बाळंतपणासाठी मिरजेला मीच नेले आणि विश्वजितला घेऊन घरी मीच आणले. "हवालदाराची फियाट म्हंजे घड्याळ हाय," असे गाव म्हणे.

मग घरात नवी पांढरी गाडी आली आणि घड्याळाची रवानगी बेदाण्याच्या शेडमध्ये झाली. विश्वजित चाळिशीचा झाला आणि त्याने पाचगणीचे एक हॉटेल गाठले. हॉटेलवाले माझे इंजिन काढून त्या पोकळीत स्ट्रॉबेरीची रोपे लावणार होते आणि पर्यटक माझ्याशेजारी उभे राहून छायाचित्रे काढणार होते. हे ऐकून सयाजी कडाडले, "चालू गाडी मी कुंडी करायला देणार न्हाई!"

"आन् बंद पडली तर, आप्पा?"

"तर ने."

सैनिकाचा शब्द तो. मागे घेता येत नाही.

खंडेनवमीला मला धुतले, हार घातला, हळदकुंकू वाहिले. दसऱ्याच्या सकाळी किल्ली फिरवली, तेव्हा स्टार्टर जोमाने घरघरला. पण इंजिनाने पेट घेतला नाही. पुन्हा किल्ली, पुन्हा घरघर. विश्वजितने त्याच दिवशी हॉटेलवाल्यांना फोन केला. टेम्पो रविवारी दुपारी यायचा ठरला.

नैयायिक धुरावरून अग्नीचे अनुमान करतात. माझ्याकडे धूर नव्हता, अग्नी नव्हता. अनुमाने मात्र उदंड होती. सयाजींच्या समाधानासाठी विश्वजितने पहिल्या दिवशी नवी बॅटरी बसवली. ज्या बॅटरीच्या बळावर स्टार्टर गरगर फिरत होता, तिच्यावरच त्याने अशक्तपणाचा आरोप ठेवला! दुसऱ्या दिवशी कार्ब्युरेटर उघडून त्यात इतके पेट्रोल ओतले की प्लग भिजून चिंब झाले. गुंडा नावाच्या शेजाऱ्याने चौघांना जमवून मला बांधापर्यंत ढकलत नेले आणि तिथून परत आणले. "नजर लागलीया गड्या," असे निदान करून त्याने माझ्या बंपरला लिंबू बांधले. तालुक्याच्या गावाहून ऋषिराज नावाचा मेकॅनिक संगणक घेऊन आला आणि अर्धा तास माझ्या डॅशबोर्डखाली वायर खुपसायची जागा शोधत राहिला.

"हिला तर पोर्टच न्हाई!" तो म्हणाला.

मित्रांनो, माझ्या जन्मानंतर कित्येक वर्षांनी लागलेल्या शोधाची माझ्या पोटात अपेक्षा ठेवणाऱ्या विद्वत्तेपुढे मी काय बोलावे?

सयाजी खुर्ची टाकून बसले होते. वयामुळे त्यांच्या बोटांत माझे स्क्रूही ठरेनात. शेवटी त्यांनी जुन्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या मिरजेच्या मौला मिस्त्रींना फोन केला. रविवारी सकाळी ते एसटीने आले. पंचाहत्तरीचे गृहस्थ, त्यांनी बॉनेटला हात लावण्याआधी विचारले,

"बंद पडायच्या आधी हिला शेवटचं काय केलतं?"

तीन दिवसांत हा प्रश्न कोणीच विचारला नव्हता.

"काय न्हाई," विश्वजित म्हणाला.

मिस्त्रींनी कॉइलमधून येणारी वायर लोखंडाजवळ धरली. किल्ली फिरवताच निळी ठिणगी उडाली. मग प्लगची वायर धरली. तिथे काहीच नाही.

"हितवर वीज येती, फुडं पोचत न्हाई. मधीच कोन खातंय?" म्हणत त्यांनी चारही प्लगना वीज वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचे टोपण काढले. आत निळसर पांढरी पुटे चढली होती. मिस्त्री चक्रावले. "गंज असा निळा नसतोय."

चहा घेऊन आलेल्या राहीबाईंनी टोपण हातात घेतले, नखाने खरवडले.

"आवं, ह्यो मोरचूद न् चुना हाय! बागंवर मारतोय त्योच!" त्या लेकाकडे वळल्या. "खंडेनवमीला गाडी कशानं धुतलीस रं?"

"फवारणीच्या पंपानं. प्रेशर लय चांगलं हाय त्येचं."

"आन् टाकी इसळलीस आधी?"

विश्वजितने नकारार्थी मान हलवली.

"मग मिस्त्रींला काय न्हाई केलं कसं म्हनालास?"

"धुनं म्हंजे काय केलं व्हय, आई?"

"द्राक्षाला रोग हुता व्हय रं, का गाडीला?"

भक्तीपोटी त्याने मला बुरशीनाशकाने न्हाऊ घातले होते. ते मिठासारखे आत सुकले आणि माझी सारी वीज त्या थरातून वाहून गेली.

राहीबाईंनी बंपरचे लिंबू सोडले, कापले आणि तांब्याचा हंडा घासावा तसे टोपण घासून स्वच्छ पाण्याने धुतले. मिस्त्रींनी ते उन्हात खडखडीत वाळवून पुन्हा बसवले. इतक्यात पाचगणीचा टेम्पो शेडच्या दारात येऊन थांबला. सयाजी काठी टेकत उठले, माझ्यात बसले आणि त्यांनी स्वतः किल्ली फिरवली.

दोनदा घरघर. तिसऱ्या खेपेला मी पेटले.

टेम्पोवाल्याने विचारले, "मग न्यायची का न्हाई?"

"कुंडी दुसरीकडं बघा," सयाजी म्हणाले. मग ते सरकून शेजारच्या बाजूला बसले. "विश्वजित, मिस्त्रींला मिरजेला सोडायचंय. तू चालव. कान देऊन चालव."

पहिला गिअर त्याने असा टाकला की माझे दात करकरले. तरीही मी गेले.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादे जुने यंत्र असेल. सणाला त्याला हार घाला, माझी हरकत नाही. पण धुताना ओले फडके हाताने पिळून घ्या आणि नाजूक जागा झाका. ते रुसले, तर पाने-पक्कड हाती घेण्याआधी क्षणभर त्याच्याशेजारी उभे राहा आणि आपण त्याचे शेवटचे काय केले, ते आठवा. आणि कोणी विचारले, तर "काय न्हाई" म्हणू नका. तेवढ्या दोन शब्दांपायी मी कुंडी होणार होते.