लेकीच्या खोलीतली खुर्ची

आई गेल्यावर घर आवरायला आलेल्या लेकीनं स्वतःच्या जुन्या खोलीचं दार उघडलं आणि ती उंबऱ्यातच थबकली. आत चाकांची खुर्ची होती. शेजारी वॉकर, कुबड्या.

आई एवढी लुळीपांगळी झाली, आणि आपल्याला पत्ता नाही! फोनवर म्हणायची, "ठणठणीत आहे गं. तू तुझं बघ." हिनंही ते सोयीनं खरं मानलं होतं. कितीतरी दिवसांत इकडे फिरकली नव्हती. आता ती खुर्ची तिला डोळ्यांसमोर नको झाली. खालून भंगारवाला ओरडत चालला होता. तिनं त्याला हाक मारली आणि सगळं देऊन टाकलं.

दुपारी गल्लीच्या टोकाच्या शिवणकामवाल्या वहिनी आल्या. गळ्यात टेप तसाच.

"ताई, तेवढी खुर्ची द्या हं. सासऱ्यांचा पाय मोडलेला, आज दवाखान्यातून सोडतायत. गल्लीत गाडी कुठली शिरायला!"

"कुठली खुर्ची?"

"चाकांची हो. गल्लीची. ज्याचं हाड मोडेल त्यानं न्यायची, चालायला लागला की आणून ठेवायची. ठेवायला जागा कुणाकडेच नव्हती. तुमच्या आई म्हणाल्या, लेकीची खोली रिकामीच असते."

"आई बसायची का तिच्यात?"

"छे! त्या कसल्या बसतायत? शेवटपर्यंत आम्हाला पळवत होत्या."

तिला क्षणभर हायसं वाटलं, आणि लगेच भंगारवाला आठवला. वहिनींना काही न सांगता ती तडक भंगाराच्या दुकानात गेली. चाकं एका ढिगात, कापलेल्या नळ्या दुसऱ्यात.

"तुम्हीच म्हणालात ना, परत दिसायला नको," भंगारवाला म्हणाला.

परतल्यावर तिनं वहिनींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "जाऊ दे. तुमच्यावर काय कमी कोसळलंय?" दोन शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

शेवटी आईच्या स्वयंपाकघरातली लाकडी खुर्ची गल्लीच्या तोंडाशी नेली. म्हाताऱ्याला तिच्यात बसवलं. खुर्चीच्या एकेका पायाला वहिनी, इस्त्रीवाला, न्हावी, आणि चौथ्याला ती. दारादारांतून माणसं डोकावत होती.

"अरे, हळू! नवा पाय मोडाल," म्हातारा कुरकुरला. "आपली चाकांची कुठंय?"

"दुरुस्तीला गेलीय, बाबा," वहिनी पटकन म्हणाल्या.

"कधी येणार?"

तिच्या तळव्यात लाकडाची कड रुतत होती.

"येणार नाही, काका. मी भंगारात घातली."

इस्त्रीवाल्याचा हात डळमळला. खुर्ची एका अंगाला कलली. म्हाताऱ्यानं घाबरून तिचा खांदा पकडला, तिच्या तोंडाकडे बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाला,

"मग घर येईपर्यंत तरी सोडू नकोस."