खिडकीजवळची खाट

धाकटीच्या घरी जुन्या फर्निचरची खरेदी-विक्री चाले आणि त्या धंद्याचं शास्त्र एकच होतं: जो आधी बोलला तो बुडाला. गिऱ्हाईक आत आलं की बाबा उगाच कुठल्यातरी कपाटावरची धूळ झटकत राहत. गिऱ्हाईक टेबलावर टिचकी मारी, खुर्चीत बसून बघे, वाकून पाय तपासी. बाबा गप्प. शेवटी ती शांतता सोसेनाशी होऊन माणूस आपणच बोलून जाई, "चांगलंय हो!" तिथंच सौदा अर्धा झालेला असे.

हे शास्त्र धाकटी स्टुलावर बसून शिकली आणि विद्यापीठात येताना अंथरुणाबरोबर बांधून घेऊन आली. पहिल्या आठवड्यात वर्गातल्या मुली आपणहून बोलायला आल्या, तेव्हा तिनं "हं" एवढंच म्हणून आपला भाव राखला. गिऱ्हाईक बाजारात एक चक्कर मारून परत येतं, हा तिचा अनुभव. मुली मात्र पुढच्या बाकावर गेल्या त्या तिथंच रमल्या.

पहिलं सत्र संपत आलं तरी तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. ग्रंथालयात ती खुर्च्या बदलत राही. तहान नसताना खालच्या मजल्यावर पाणी प्यायला जाई आणि बाटली न भरताच वर येई. पायाला भिंगरी होती, पण पोचायचं कुठं ते ठाऊक नव्हतं.

वसतिगृहाच्या खोलीत आणखी एक मुलगी होती. धाकटीनं मनातल्या मनात तिचं नाव घुमी ठेवलं होतं. धाकटी एक दिवस आधी येऊन खिडकीजवळची खाट धरून बसली होती. घुमी आली, बॅग टेकवली आणि दारातच उभी राहिली. धाकटीनं पुस्तकातून मान वर केली नाही. तेव्हापासून दोघींचा संसार खोकण्यावर चालला होता. एकदा खोकली की दिवा मालवायचा, दोनदा खोकली की पंखा कमी.

तरी घुमी तिथं होती. तिचा श्वास ऐकू येई, तिची उशीखाली पुस्तक ठेवायची सवय माहीत झाली होती. अख्ख्या विद्यापीठात धाकटीची म्हणावी अशी जमेची बाजू तेवढीच. आणि एका दुपारी वसतिगृहाच्या रेक्टरबाईंनी तिला जिन्यात गाठलं.

"तुझी पार्टनर वरच्या मजल्यावर जातेय. संध्याकाळी सामान हलवेल. काय भांडलात गं?"

"नाही बाई."

"भांडायला तरी बोलावं लागतं म्हणा," बाई म्हणाल्या आणि किल्ल्या वाजवत खाली गेल्या.

धाकटीनं तास बुडवला. मैदानाला चकरा मारता मारता तिनं घरी फोन लावला.

"बाबा, एखादी वस्तू आपल्याला हवीच असली आणि दुसरा उचलून नेत असला, तर?"

"चेहऱ्यावर दिसू द्यायचं नाही. दिसलं की मेलो."

"आणि नेलीच तर?"

"तर ती आपली नव्हतीच. कसली वस्तू? कुठला कारागीर?"

मागून आईचा आवाज आला. "अहो, द्या तो फोन इकडे. पोरगी जेवते का ते विचारायचं सोडून कारागीर काय विचारताय!" मग जवळून, "काय गं, करमत नाही का? ये निघून. दुकान कुठं पळून चाललंय?"

हेच धाकटीला ऐकायचं होतं आणि ऐकल्यावर मात्र धास्ती बसली. दुकानाचं दार उघडं होतं. घुमी गेली तर आपण आठवड्याच्या आत त्या स्टुलावर जाऊन बसू, हे तिला स्वच्छ दिसलं. "जेवते गं," म्हणून तिनं फोन ठेवला आणि वसतिगृहाकडे निघाली. चालता चालता पळायलाच लागली.

घुमी बॅगेची चेन ओढत होती. चेन अडली होती. धाकटी दारात धापा टाकत उभी राहिली. एरवी तिनं चेन लागेपर्यंत वाट पाहिली असती.

"जाऊ नकोस," ती म्हणाली.

घुमीनं चमकून पाहिलं. "तुला आवाज आहे?"

"आहे. जाऊ नकोस."

"का?"

"मला इथं दुसरं कुणी नाही."

आपला माल आपणच भंगारात काढावा तसं धाकटीला झालं. घुमी खाटेच्या कडेवर बसली.

"आमच्याकडे आधी आलेल्यानं 'ये, बस' म्हणायचं असतं," ती म्हणाली. "त्याशिवाय पाहुण्यानं तोंड उघडायचं नाही. मी आल्यापासून तुझ्या दारात उभीच आहे. आणि तू माझ्याकडे बघतेस ती अशी, की हिचा एखादा पाय डुगडुगतोय का!"

धाकटीला हसू फुटलं, कारण ते खरंच होतं. घुमी हसली नाही.

"राहायचं तर खिडकी मला हवी."

धाकटीच्या जिभेवर 'आठवड्याआड' आलं होतं. तिनं ते गिळलं. "घे."

"इतक्या पटकन? म्हणजे मी कमीच मागितलं."

"मग माग अजून."

"टेबलाचा वरचा खण. आणि तो पंखा रात्रभर चालणार."

"मला सर्दी होते."

"मग खोक. नाहीतर सरळ सांग, घुमे, पंखा बंद कर."

धाकटी लाजेनं लाल झाली. हे नाव तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

"झोपेत बडबडतेस," घुमी म्हणाली. "दिवसाची भरपाई करतेस बहुतेक. चल, धर तिकडून."

दोघींनी खाटा ओढल्या. लोखंडी पाय फरशीवर असे किंचाळले की खालून रेक्टरबाई ओरडल्या. घुमीनं खिडकीजवळ आपली चादर अंथरली, बॅग मात्र तशीच बंद ठेवली.

"ती?" धाकटीनं विचारलं.

"आज सोडत नाही. रविवारी बघू."

धाकटी दाराजवळच्या खाटेवर बसली. दारातून वारा येत होता, गादी मध्ये खोलगट होती, सौदा सपशेल तोट्यातला होता आणि तोही पक्का नव्हता. ती उठली, पुन्हा बसली. रविवारपर्यंत काय काय बोलावं, ते तिला काही केल्या सुचेना.

"घरी कोण कोण असतं तुझ्या?" तिनं विचारलं.