लांब ‘अहो’

नेटच्या पायथ्याशी अडकलेला चेंडू उचलायला ऋतुजा वाकली, तेव्हा तिला मुरमावरचे ठसे दिसले. तिसरा सेट सुरू होण्याआधी पाणी शिंपडून कोर्टवर गोणपाट ओढलं होतं, त्यामुळे बुटांचे तळ स्पष्ट उमटत होते. तिच्या तळांच्या नागमोडी रेघा मधली रेषा ओलांडून नवऱ्याच्या, जीवनच्या भागात गेल्या होत्या, पार कडेच्या चुन्यापर्यंत. काही ठिकाणी पाय घसरल्याच्या लांब खुणा होत्या. जीवनच्या बुटांचे गोल ठिपके एकाच जागी एकमेकांवर पडले होते. तिच्या भागात त्याचा एकही ठसा नव्हता.

तिने चेंडू नेटखालून पलीकडे ढकलला आणि गुडघा हाताने दाबत सरळ झाली.

“ताई, उरका बरं लवकर,” नेटपलीकडून योगिता हळू आवाजात म्हणाली. “घरी पाहुणे बसलेत. चहा टाकते म्हणून निघालेय.”

“मग सगळे चेंडू ह्यांच्याकडे कशाला टाकता? माझ्याकडे टाका.”

“मी कुठं टाकते? माझे जिकडं जायचे तिकडं जातात. टाकणारे ते.” योगिताने हनुवटीने मागे दाखवलं.

मागे तिचा नवरा शिवशंकर चेंडू जमिनीवर आपटत उभा होता. बँकेत मॅनेजर, बदलीवर बीडला आलेला, उंच, फारसं न बोलणारा. त्याने सर्व्हिस केली. ती ऋतुजाकडे आली, तिने खोल परतवली. पुढचा चेंडू त्याने अपेक्षेप्रमाणे जीवनच्या डाव्या हाताला टाकला. जीवनने रॅकेट वळवेपर्यंत तो मागच्या जाळीला लागला होता.

“सॉरी,” जीवन म्हणाला.

“असू द्या.”

हे दोन शब्द ते दोघं लग्नापासून कोर्टवर बोलत आले होते.

क्लबात मिश्र दुहेरीला मिश्र दुहेरी कुणी म्हणत नसे. ‘जोडी’ म्हणत. दरवर्षी संक्रांतीनंतर जोडीच्या मॅचेस होत आणि सेक्रेटरी भागवतराव फळ्यावर खडूने नावं लिहीत: डॉ. व सौ. अमुक, श्री. व सौ. तमुक. बाईने आपल्या नवऱ्याबरोबरच खेळायचं, असा नियम कुठेही नव्हता. पण दुसरं काही असू शकतं हे कुणाच्या मनातही आलं नव्हतं. त्यामुळे ज्याला खेळता येई त्याच्या गळ्यात न येणारी, आणि जिला येई तिच्या गळ्यात न येणारा, असं वर्षानुवर्षं चाललं होतं. ज्यांच्या जोडीदाराला खेळायचंच नसे, ते बाहेर खुर्चीवर बसून शेंगा खात.

ऋतुजा विद्यापीठाच्या संघात खेळलेली. घाटनांदूरहून शिकायला गेलेली मुलगी, वसतिगृहामागच्या कोर्टवर पहिल्यांदा रॅकेट हातात धरली आणि तीन वर्षांत संघात आली. आता ती बीडच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत होती. जीवन नेकनूरच्या दवाखान्यात गुरांचा डॉक्टर. मेंढरांमागे हिंडणाऱ्या घरातला पहिला शिकलेला. लग्नाआधी त्याने टेनिस नीट पाहिलंही नव्हतं. लग्नानंतर तो एकदा तिला क्लबात सोडायला आला, कोर्टबाहेर तासभर उभा राहिला, आणि पुढच्या आठवड्यात स्वतःसाठी रॅकेट घेऊन आला. “शिकीव मला,” म्हणाला. “न्हाईतर तू खेळणार आन् मी नुसता गाडीपाशी थांबणार.”

तिने शिकवलं. जेवढं शिकवून येतं तेवढं त्याला आलं. मग हळूहळू तिच्या खेळात बदल झाला. तिची सर्व्हिस जोरात गेली की परतही जोरात यायची, आणि ती नेटपाशी उभ्या असलेल्या जीवनच्या अंगावर. म्हणून तिने सर्व्हिस मऊ केली. चेंडू कोपऱ्यात मारला की उत्तर त्याच्या बाजूला यायचं, म्हणून ती मधोमध मारू लागली. आधी हे ती ठरवून करत होती. नंतर हाताला सवय झाली.

शिवशंकर बदलून आला त्या हिवाळ्यात जीवन लसीकरणाच्या कामात अडकला होता. एका संध्याकाळी सहज म्हणून ती आणि शिवशंकर एका बाजूला, क्लबातली दोन कॉलेजची पोरं दुसऱ्या बाजूला, असे खेळले. तिची पहिलीच सर्व्हिस जुन्या वेगाने गेली. नेटवरचा शिवशंकर मागे वळून पाहत नव्हता. त्या तासात तिला कुणालाच सांभाळावं लागलं नाही. घरी येऊन ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून बराच वेळ उभी राहिली होती. त्या संध्याकाळीला आता तीन वर्षं झाली होती. तेव्हापासून एक वाक्य तिच्याजवळ तयार होतं, आणि दर हिवाळ्यात ते पुढच्या हिवाळ्यावर जात होतं.

यंदा मात्र हाडांच्या डॉक्टरांनी तिच्या गुडघ्याची फिल्म उजेडासमोर धरली आणि म्हणाले, “अजून एखादं वर्ष खेळा. मग मॅडम, चालणं सांभाळायचं.”

लातूरला चाळिशीपुढच्यांच्या विभागीय स्पर्धा होत्या. क्लबातून एक जोडी जायची. काल भागवतरावांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं.

“हे बघा मॅडम, उद्या शिवशंकर जिंकले तर योगितावहिनी लातूरला यायच्या न्हाईत. त्यांनी आत्ताच हात जोडलेत. मग त्यांच्यासंगं आपसूक तुमचं नाव. ज्याच्याकडं एकच बैल, त्यानं दुसऱ्याच्या बैलासंगं सावड करायची असती. औत तर चालतंय. कुणी काय म्हणायचं कारण न्हाई.”

“आणि आम्ही जिंकलो तर?”

“तर डॉक्टर आन् तुमी. पयल्या फेरीत माघारी,” भागवतराव हसले. “आमी डबा घिऊन येतोच बघायला.”

म्हणजे आज हरलं की झालं होतं. तिला काही बोलावं लागणार नव्हतं.

पण मुद्दाम वाईट खेळणं तिला जमत नव्हतं. चेंडू आला की पाय आपोआप जात. पहिला सेट तिने धावून काढला होता, दुसरा गेला होता, आणि तिसऱ्यात योगिताच्या सर्व्हिस एकामागून एक नेटमध्ये पडत होत्या. जीवन तर सकाळपासून थकलेला. एका म्हशीचं रेडकू आडवं आलं होतं. नेकनूरहून तो थेट क्लबात आला होता आणि त्याचा उजवा हात खांद्यापर्यंत भरून आला होता. प्रत्येक चेंडूनंतर तो हात झटकत होता. तरी त्याने थांबू या असं म्हटलं नाही.

“दुखतंय का?” बाजू बदलताना तिने विचारलं.

“न्हाई. लई न्हाई.” त्याने बाटलीतलं पाणी तिच्यापुढे धरलं. “तू पी आधी. तूच पळायलीस.”

शेवटच्या गेममध्ये ड्यूस झाला, गुण बरोबरीत आले. पुन्हा झाला. अंधारून आलं होतं आणि कोर्टच्या एकुलत्या खांबावरचा दिवा लुकलुकत होता. भागवतराव खुर्चीवरून उठले.

“आता एकच पॉइंट. ज्याचा पॉइंट त्याची मॅच. लाइट जायच्या आत मोकळे व्हा. शेंगाबी संपल्या.”

शिवशंकरने सर्व्हिस केली, जीवनकडे. जीवनने रॅकेट नुसती पुढे धरली आणि चेंडू कसाबसा पलीकडे गेला. शिवशंकरने तो ऋतुजाकडे मारला, तिने परत दिला, पुन्हा आला, पुन्हा दिला. एकेका चेंडूबरोबर ती पुढे सरकत नेटपाशी पोचली. मग शिवशंकरने रॅकेट खालून वर नेली आणि चेंडू दोघांच्याही डोक्यावरून उंच उडाला, जीवनच्या बाजूच्या मागच्या कोपऱ्याकडे.

ती वळली. चेंडू दिव्याच्या वर जाऊन दिसेनासा झाला आणि पुन्हा दिसला. वारा नव्हता. तो कुठे पडणार हे तिला कळलं: मागच्या रेषेच्या वीतभर आत. जीवन मागे मागे जात त्याच्याखाली पोचला होता, मान वर, तोंड थोडं उघडं. त्याला तिथून अंदाज येत नव्हता. असे चेंडू तो नेहमी तिच्या आवाजावर खेळायचा.

ती कोर्टवर त्याचं नाव घेत नसे. घरातही नाही. ‘अहो’ म्हणायची. त्यात दोन प्रकार होते. आखूड ‘अहो’ म्हणजे घ्या, मारा. लांबवलेला, शेवटी खाली उतरणारा ‘अहो’ म्हणजे राहू द्या, बाहेर चाललाय. हे कुणी ठरवलं नव्हतं. पोळी हवी का विचारतानाचा आणि पुरे आता म्हणतानाचा ‘अहो’ घरात जसा वेगळा असतो, तसंच ते कोर्टवर आलं होतं.

चेंडू आत पडणार होता.

“अहोऽऽ,” ती म्हणाली. लांबवून.

जीवनने मारला. भरून आलेला हात डोक्यावर गेला, रॅकेट वेडीवाकडी फिरली, आणि चेंडू नेटवरून सरळ योगिताच्या तोंडावर गेला. योगिताने डोळे मिटून रॅकेट आडवी धरली. चेंडू तिच्या रॅकेटच्या कडेला लागून बाहेर लिंबाच्या झाडाकडे उडाला.

मग योगिताने एक डोळा उघडला.

“संपलं का?”

“संपलं वहिनी, जावा आता पाहुण्यांकडं,” भागवतराव म्हणाले. “डॉक्टर, आज अंगात कोण आलतं तुमच्या?”

शिवशंकरने नेटवरून हात पुढे केला. जीवनशी हात मिळवला, मग ऋतुजाशी. तिचा हात त्याने नेहमीइतकाच वेळ धरला आणि सोडला. तिच्याकडे पाहताना त्याच्या चेहऱ्यावर प्रश्न नव्हता. त्याने तो चेंडू पाहिला होता, तिचा आवाजही ऐकला होता. योगिता चपला हातात घेऊनच गेटकडे निघाली.

क्लबच्या मागे पाण्याचा ड्रम होता. जीवन तिथे बाही खांद्यापर्यंत वर करून उभा राहिला. ऋतुजाने मगाने त्याच्या हातावर पाणी सोडलं. पाणी गार होतं. दंडावर लालसर वळ उमटला होता, म्हशीच्या कळांनी आवळलेला. तिने त्यावर आणखी एक मग ओतला.

“मी सोडणारच होतो तो,” जीवन म्हणाला.

“कोणता?”

“शेवटचा. म्हणलं बाहेर चाललाय. लई उंच होता. आन् तेवढ्यात तुझा आवाज आला, घ्या म्हणून.” तो हसला, पाण्याकडे बघत. “येवढ्या वर्षांत असल्या टायमाला तू माझ्यावर कधी टाकला न्हाईस. आपणच पळत येतीस. आज टाकलास. मग मारलाच.”

रिकामा मग ड्रममध्ये बुडवताना तिचा हात थांबला.

“कावून, काय झालं?”

“काही नाही. पाणी संपत आलंय.”

“नेकनूरला दुपारी भिंतीवर मारत असतो मी. तुला सांगितलं न्हाई. कंपाउंडर हसतंय, म्हणतंय, साहेब, भिंत काय हरत न्हाई.” त्याने ओला हात शर्टाला पुसला, मग बाही खाली करताना थोडा कळवळला. “लातूरसाठी रजा टाकून ठेवतो. दोन दिवस. आपण कुठं गेलोच न्हाई की कधी, कुणाच्या लग्नाबिगर.”

ती त्याच्या बाहीचं बटण लावू लागली, कारण त्याला डाव्या हाताने ते जमत नव्हतं. बटण काजात बसेना. त्या एका हाकेने त्याला जे मिळालं होतं ते परत घेता येईल असं तिला वाटलं नाही, आणि घ्यावं असंही वाटलं नाही. पण आडून टाकलेलं त्याच्यापर्यंत पोचत नव्हतं. आजच नव्हे, तीन हिवाळे. मऊ केलेली सर्व्हिस त्याला कळली नव्हती, मधोमध मारलेले चेंडू कळले नव्हते, भागवतरावांनी आज मॅचआधी चारचौघांत पुन्हा सांगितलेली बैलांची गोष्ट ऐकून तो सगळ्यांत जास्त हसला होता. तो समोर, ओल्या केसांनी, बटण लागण्याची वाट बघत उभा होता.

व्हरांड्यातून भागवतरावांचा आवाज आला. ते फोन डोळ्यांजवळ धरून एका बोटाने टाइप करत होते.

“डॉक्टर, लातूरला तुमची दोघांची नावं टाकू ना? आत्ताच पाठवायची हायेत.”

“टाका की,” जीवन म्हणाला.

“थांबा भागवतराव,” ऋतुजा म्हणाली.

भागवतरावांचं बोट फोनवर तसंच राहिलं. जीवनने तिच्याकडे पाहिलं. अजून हसू पूर्ण गेलं नव्हतं. तिने बटण लावलं, बाही सरळ केली, आणि हात त्याच्या मनगटावरून काढून घेतला. तिचा गुडघा ठणकत होता. तिने वजन दुसऱ्या पायावर घेतलं.

“लातूरला मी शिवशंकरांबरोबर खेळणार आहे,” ती जीवनला म्हणाली.