उतरायचा क्रम

अंडाकृती टेबल एक. लाकडी खुर्च्या दोन, बैठकीची उंची प्रत्येकी पंचेचाळीस सेंटीमीटर. कराराच्या प्रती दोन, पेनं दोन, पाण्याचे जग दोन. घडीची शिडी एक. शिडी मी सगळ्यात शेवटी मोजली, कारण ती इलेक्ट्रिशियन विसरून गेला होता आणि समारंभाशी तिचा काही संबंध नव्हता. निदान सकाळी तरी नव्हता.

हॉल जुन्या जकात नाक्याचा. खिडकीतून नदी दिसायची, नदीवरचा पूल दिसायचा आणि पुलाच्या तोंडाशी अकरा वर्षं आडवा पडून असलेला लोखंडी अडसर दिसायचा. नदीच्या अल्याड एक देश, पल्याड दुसरा. अर्थात अल्याड-पल्याड म्हणायची मामांनी मला सक्त मनाई केली होती, कारण दोघंही स्वतःला अल्याडचेच समजत. म्हणून एका बाजूला आम्ही ‘खिडकीकडचे’ म्हणायचो, दुसरीला ‘दाराकडचे’. आज सह्या झाल्या की अडसर उठणार होता. मजकूर केव्हाच ठरला होता. राहिलं होतं फक्त बसणं.

मध्यस्थ माझे मामा. तिसऱ्याच देशाचे, त्यामुळे दोघांनाही सारखेच नकोसे. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी दोन युद्धं पुढे ढकलली होती आणि भांडणाऱ्या दोन सेनापतींना दंतवैद्याच्या दाराबाहेर एकाच बाकावर बसवून शस्त्रसंधी घडवली होती. पण अखेरची सही त्यांच्या टेबलावर कधीच झाली नव्हती. दर वेळी सही तोंडाशी आली की सरकार तरी पडायचं, नाहीतर मामांची बदली तरी व्हायची. आज संध्याकाळी ते निवृत्त होत होते.

“तुझ्या मामांनी एकच करार पुरा केला,” मामी म्हणायची, “आमच्या लग्नाचा. त्याच्याही परिशिष्टावर अजून चर्चा चालू आहे.”

माझी नेमणूक मोजणीसाठी. दोन्ही बाजूंना सगळं समान आहे, हे मोजून सांगायचं. नावाजलेल्या सहा अभियंत्यांवर कुणी ना कुणी हरकत घेतली. मी भौतिकशास्त्राची पदवीधर, वर बेकार, म्हणजे कुणाचीच माणूस नव्हे. माझ्यावर एकमत झालं. मामा मला लाडानं ‘मोजपट्टी’ म्हणतात, ते त्या दिवसापासून अधिकृत झालं.

खिडकीकडचे मंत्री अंगानं भरभक्कम. त्यांचेच लोक त्यांना ‘थोरले’ म्हणत. दाराकडच्या मंत्रीबाई काडीसारख्या, ताठ. दोघं एकाच क्षणी बसले. फोटोग्राफरनं कॅमेरा डोळ्याला लावला आणि थोरल्यांचा सचिव पुढे आला.

“थांबा. आमचे साहेब बुडालेत.”

खरंच बुडाले होते. खुर्च्यांवर स्पंजच्या गाद्या होत्या, आणि मी खुर्च्या रिकाम्याच मोजल्या होत्या. थोरल्यांखालची गादी सात सेंटीमीटर दबली, बाईंखालची दोनच. फोटोत बाई वरून बघणार, थोरले खालून. असा फोटो छापून आला तर म्हणे सरकार पडेल.

“मोजपट्टी,” मामा हळूच म्हणाले, “वजन नावाची एक गोष्ट तुमच्या अभ्यासक्रमात होती का गं?”

“होती मामा. दुसऱ्या वर्षाला.”

“मग पहिल्या वर्षाचीच पदवी घेऊन आलीस वाटतं.”

उपाय सोपा होता. नाक्याच्या गोदामात, पूल बंद झाला तेव्हापासून अडकलेला माल पडला होता, तो सगळा स्पंजच्या गाद्यांचा. एक आणून थोरल्यांखाली सरकवली. आता ते बाईंपेक्षा दीड सेंटीमीटर वर गेले.

“आमच्या बाईंना खड्ड्यात बसवता?” दाराकडचा सचिव म्हणाला.

बाईंना एक पातळशी दिली. दोघांचे डोळे एका रेषेत आले, मी हुश्श केलं, आणि थोरले हळूहळू खाली जायला लागले. स्पंज दाबून ठेवला की तो एकदम दबून थांबत नाही, सावकाश दबतच राहतो. हे मी दोन्ही सचिवांना नीट समजावून सांगितलं. त्यांनी माना डोलावल्या आणि आणखी गाद्या मागवल्या.

दुपारपर्यंत दोघांची बैठक एक मीटर बारा सेंटीमीटरवर पोचली. पाय अधांतरी, टेबल नडग्यांच्या पातळीवर. कराराच्या प्रती आम्ही चहाच्या ट्रेमध्ये ठेवून वर देत होतो. मामा आपल्या साध्या स्टुलावर बसून दोन मंत्र्यांच्या गुडघ्यांशी वाटाघाटी करत होते. फोटोग्राफर खिडकीच्या कट्ट्यावर चढला होता आणि त्याचे खांदे गदागदा हलत होते. मी गाल आतून चावून धरले.

आता शिडीचं महत्त्व. ती एकच होती. आधी कोण चढणार हे नाणं उडवून ठरलं, थोरले चढले, मग बाई चढल्या. आधी कोण उतरणार हे ठरवायचं राहून गेलं.

“अर्धा सेंटीमीटर कमी आहे माझ्याकडे,” बाई वरून म्हणाल्या. “गादी घाला, मग सही.”

“घालू ना,” मामा म्हणाले. “आपण जरा उतरता का?”

“आधी त्यांना उतरवा.”

“मी कशाला उतरू?” थोरले म्हणाले. “मला इथे छान वारा लागतोय.”

दोन्ही सचिव नियमांची पुस्तकं चाळू लागले. चढण्याबद्दल तीन नियम निघाले. उतरण्याबद्दल एकही नाही. जगातला कुठलाच मंत्री आजवर आपणहून खाली उतरला नव्हता बहुतेक.

मामांनी घड्याळाकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर. अडसरापाशी दोन्हीकडे माणसं जमली होती, सायकली होत्या, एक टेम्पो होता. मामांच्या तोंडावरचं हसू क्षणभर विझलं. मला वाटलं, गेली हीही सही. मग ते उठले, जग उचलला आणि ग्लास भरले.

“उकडतंय,” ते म्हणाले. “पाणी घ्या.”

बाईंनी घेतलं. त्यांनी घेतलं म्हणून थोरल्यांनी घेतलं. मामांनी पुन्हा भरले. समान पाणी हा दोघांचा हक्क होता, कुणीच मागे राहीना. दोन्ही जग संपले, मामांनी नवे मागवले आणि आपल्या तरुणपणीची एका धबधब्याची गोष्ट सुरू केली. फार लांबलचक गोष्ट होती. धबधबा त्यांनी अगदी आवाजासकट सांगितला.

थोरल्यांनी पायावर पाय टाकला. थोड्या वेळानं तो काढून दुसरा टाकला.

“साहेब,” बाई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, “मला जरा बाहेर जाऊन यायचंय.”

“जरूर,” मामा म्हणाले. “पण सह्या झाल्याशिवाय कुणी हॉलबाहेर जायचं नाही, ही दुरुस्ती आपल्याच बाजूनं सुचवली होती.”

“आणि आम्ही मान्य केली होती,” थोरले कण्हले. “कुठल्या गाढवानं मान्य केली?”

त्यांचा सचिव छताकडे बघू लागला.

“अर्ध्या सेंटीमीटरचं काय करायचं?” मामांनी विचारलं.

“खड्ड्यात घाला तो अर्धा सेंटीमीटर,” बाई म्हणाल्या. “पेन द्या.”

ट्रे वर गेले. सह्या झाल्या, प्रतींची अदलाबदल झाली, पुन्हा सह्या झाल्या. अकरा वर्षांचं भांडण चहा गाळायच्या वेळात मिटलं. फोटोग्राफरनं फोटो काढला. त्यात दोघांच्याही चेहऱ्यावर कमालीची निकड आहे, आणि ती पुढे सगळीकडे शांततेची ओढ म्हणून छापून आली.

उतरायचा क्रम मामांनी तोंडीच ठरवला. शिडी बाजूला केली, खाली गाद्या अंथरल्या आणि मी तीन म्हटल्यावर दोघांनी एकदम घसरायचं. मी सवयीनं फोन रेकॉर्डिंगला लावून टेबलावर टेकवला आणि आकडे म्हटले. दोन राष्ट्रं धप्पकन खाली आली, उठली आणि दोन वेगवेगळ्या दारांनी पळाली.

“कोण आधी टेकलं?” दोन्ही सचिवांनी मला एकाच दमात विचारलं.

“व्हिडिओ हळू करून सांगता येईल. सेकंदाच्या—”

“फोन इकडे दे,” मामा म्हणाले. त्यांनी तो व्हिडिओ पुसून टाकला आणि फोन मला परत दिला. “हा माझा शेवटचा सरकारी हुकूम. आता चल बाहेर, मामीला फोन लावू.”

“काय सांगू तिला?”

“सांग, दुसराही करार झाला. आणि ह्याला परिशिष्ट नाही.”

पुलापाशी शिपायानं अडसराची साखळी ओढली. गंजलेला लोखंडी दांडा करकरला, हलला, थांबला. मामांनी कोट माझ्या हातात दिला आणि साखळीला हात लावला. मग थोरले आले, बाई आल्या, हलक्या झालेल्या, आणि चौघं मिळून लोंबकळले. दांडा वर वर गेला आणि अडकला. टेम्पो त्याच्याखालून निघाला. मी फोनवर कोन मोजला.

एक्क्याऐंशी अंश.