ताडपत्रीचा थैला आणि उत्तराची पानं

मित्रांनो, मी एक जुना थैला आहे. सायकलच्या कॅरिअरवर आडवा टाकला की दोन्ही बाजूंना एकेक कप्पा लोंबतो, तसा. एकेकाळी माझा रंग हिरवा होता. आता कोणता म्हणावा, ते मलाही सांगता येणार नाही.

माझा जन्म नागपूरला, इतवारीतल्या एका बोळात झाला. तिथं रामाजी ट्रकच्या ताडपत्र्या शिवत. एकदा विश्वनाथराव नावाचे एक कारकून त्यांच्याकडे आले.

"मोठे कागद न्यायचे आहेत. एक थेंब पाणी आत जाता कामा नये," ते म्हणाले.

रामाजींनी उरलेल्या ताडपत्रीतून मला बेतलं आणि दुहेरी शिवण घातली. देताना ते म्हणाले, "पाण्याची काळजी नका करू साहेब. फक्त ते कॅरिअरची सळई घासते, तिकडं ध्यान ठेवजा. एकदा भोक पडलं का मग मी काही करू शकत नाही."

कागद कसले, ते सांगतो. विश्वनाथरावांच्या पत्नी चारुलताबाई ब्रेल लिपी शिकल्या होत्या. जाड कागद पाटीत अडकवायचा आणि टोच्यानं त्यावर ठिपके उठवायचे. ज्यांना दिसत नाही ती माणसं ते ठिपके बोटांनी वाचतात. पुस्तकाचं एक पान असं उतरवायचं तर चार जाड पानं भरतात. घरचं सगळं आवरून चारुलताबाई खिडकीशी बसत आणि टकटक करत राहत. त्यांच्या तळहाताला टोच्याचा घट्टा पडला होता.

ही सगळी मेहनत उत्तरासाठी होती. उत्तरा नागपूरजवळच्या मौद्याकडच्या एका शेतकऱ्याची मुलगी. लहानपणी देवी आल्या, त्यात तिचे डोळे गेले. आता ती वीस-बावीस वर्षांची होती आणि सक्करदऱ्याला रुखमाबाई या मावशीकडे राहून शिकत होती. बी.ए.चा इतिहासाचा एकच पेपर राहिला होता, तो ऑक्टोबरात द्यायचा होता. शहरातल्या एका अंधशाळेत शिक्षिकेची जागा रिकामी होती. नाताळपर्यंत निकाल आणलात तर जागा तुमचीच, असं शाळेनं तिला कळवलं होतं. शिवाय तिथून मौद्याला आईकडे जायला बस होती.

चारुलताबाईंची पानं तयार झाली की गोकुळपेठेतून सक्करदऱ्यापर्यंत ती पोचवायचं काम माझं आणि विश्वनाथरावांचं. उत्तरा माझ्या कप्प्यात हात घालून पानं काढायची आणि म्हणायची, "भाऊ, तुमचा थैला लय इमानदार आहे." ते ऐकून मी फुगून जायचो.

श्रावणात एका सकाळी चारुलताबाईंनी मला उलटा करून झटकलं, आणि डाव्या कप्प्याच्या पाठीतून त्यांचं बोट आरपार बाहेर आलं. सळईनं आपलं काम केलं होतं.

"अहो, हा फाटला बघा. रबर लावून घ्या."

"लावतो," विश्वनाथराव म्हणाले.

मित्रांनो, विश्वनाथराव वाईट माणूस नव्हते. पण ऑफिसातून आले की शेजारी कॅरमचा डाव पडलेला असायचा. चारुलताबाईंनी पुन्हा विचारलं. ते पुन्हा "उद्या नक्की" म्हणाले. पंक्चर काढायच्या सोल्युशनची ट्यूब आणि जुन्या रबराचे तुकडे घरातच, दाराच्या मागच्या डब्यात होते. कुठं जायचं नव्हतं, काही आणायचं नव्हतं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन धडे तयार झाले. आकाश भरून आलं होतं.

"थैल्याचं झालं का?" आतून चारुलताबाईंनी विचारलं.

विश्वनाथराव लगबगीनं अंगणात आले. माझ्या पाठीवर चिखल वाळलेला होता. तो त्यांनी पुसलाही नाही. त्यावरच सोल्युशन फासलं, रबराचा तुकडा ठेवला, अंगठ्यानं दाबला आणि ओरडून सांगितलं, "झालं! एकदम पक्कं!"

तो तुकडा माझ्या अंगाला नव्हे, अंगावरच्या धुळीला चिकटला होता. हे मला कळत होतं. थोडंसं त्यांनाही कळत असावं, कारण निघताना त्यांनी त्या बाजूकडे पाहायचं टाळलं.

महाल भागात मारबतीच्या, म्हणजे रोगराई घालवायला काढतात त्या पुतळ्यांच्या, मिरवणुकीनं रस्ता अडला होता. ढोल वाजत होते, माणसं रंगात माखली होती, आणि तेवढ्यात पाऊस कोसळला. विश्वनाथरावांना एका दुकानाच्या छपराखाली उभं राहण्यापुरती जागा मिळाली. सायकल बाहेरच राहिली. चाकावरून उडालेलं पाणी माझ्या पाठीवर बसलं, तुकड्याची एक कड उचलली गेली आणि पाणी आत येऊ लागलं. मी ताडपत्रीचा. बाहेरचं पाणी जसं आत येऊ देत नाही, तसं आत आलेलं बाहेरही जाऊ देत नाही. दोन्ही धड्यांची पानं त्याच कप्प्यात होती, ती त्या पाण्यात बसून राहिली.

सक्करदऱ्याला उत्तरानं नेहमीप्रमाणे कप्प्यात हात घातला आणि ती थबकली. ओला गठ्ठा तिनं चटईवर ठेवला. एका पानावरून बोटं फिरवली, दुसऱ्यावरून फिरवली.

"भाऊ, मले काहीच लागून नाही राहिलं हाताले. ठिपके बसून गेले."

रुखमाबाई धावत आल्या. "पाऊसच तसा होता बाप्पा! तुम्ही तरी काय कराल? तुमचा काय दोष? बसा, चहा टाकते."

विश्वनाथराव बसले. चहा प्याले.

घरी आल्यावर ते चारुलताबाईंना म्हणाले, "मिरवणुकीत अडकलो, आणि पाऊस..." चारुलताबाईंनी मला वाळत घालायला उचललं, तर तो रबराचा तुकडा सुटून त्यांच्या हातात आला. त्यांनी तो उलटून पाहिला.

"याला माती लागलीय हो," त्या म्हणाल्या.

एवढंच. भांडल्या नाहीत. पदर खोचून नवा कागद पाटीत अडकवला. विश्वनाथराव शेजारी बसून वाचून दाखवू लागले. टोच्याचा प्रत्येक ठोका ऐकताना ते मान खाली घालत. परीक्षा तोंडावर होती. दोनपैकी एकच धडा पुन्हा उतरवून झाला.

पेपरात मोठा प्रश्न नेमका दुसऱ्या धड्यावर आला. उत्तरा थोडक्यात नापास झाली. नाताळानंतर ती जागा दुसऱ्या बाईंना मिळाली.

ही बातमी कळली त्या रविवारी विश्वनाथराव सक्करदऱ्याला गेले. कॅरिअरवर मी रिकामाच होतो. उत्तरा ओसरीत तांदूळ निवडत बसली होती. त्यांनी मला कॅरिअरवरून काढलं आणि हातात धरूनच तिच्यासमोर उभे राहिले.

"उत्तरा, त्या दिवशी पावसानं नाही झालं. थैला महिनाभर फाटका होता. मी आळस केला. वर घरी खोटं सांगितलं की पक्कं केलं म्हणून. तुझं वर्ष माझ्यामुळे गेलं."

उत्तराचे हात सुपात थांबले.

"मले माहीत होतं, भाऊ."

"माहीत होतं? कसं?"

"त्या दिवशी पानाले सोल्युशनचा ताजा वास येऊन राहिला होता. म्हटलं, यायनं निघता निघता लावलं दिसते."

"मग बोलली काहून नाही?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबली होती."

विश्वनाथरावांनी मला छातीशी धरलं. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी माझ्यावर पडलं, आणि मी आत येऊ दिलेल्या पाण्याची मला पहिल्यांदा लाज वाटली.

"आता मी काय करू?" त्यांनी विचारलं.

"काय करता? उरलेला धडा आणून द्या. आणि थैला शिवा."

घरी येऊन त्यांनी मला साबणानं धुतलं आणि पुरतं वाळू दिलं. आधी मेण लावलेल्या दोऱ्यानं भोक शिवलं. मग काचपेपरनं माझी पाठ आणि रबर दोन्ही खरवडलं. तुकड्याचे कोपरे गोल कापले, कारण टोकदार कोपरा लवकर सुटतो. दोन्हीकडे पातळ सोल्युशन लावून, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत ते बसून राहिले. शेजारून कॅरमची हाक आली, तरी उठले नाहीत. मग तुकडा बसवून वर पाटा ठेवला. दुसऱ्या दिवशी आतूनही तसंच ठिगळ लावलं, आणि कॅरिअरच्या सळईला जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली.

"आता बघ," ते चारुलताबाईंना म्हणाले. 'पक्कं' हा शब्द त्यांनी वापरला नाही. चारुलताबाईंनी आत कोरडा रद्दीचा कागद ठेवला आणि वरून कळशीभर पाणी ओतलं. कागद कोरडा निघाला. त्या किंचित हसल्या. ते मात्र हसले नाहीत.

पुढच्या वर्षी उत्तरा पास झाली. पण नागपुरात जागा उरली नव्हती. नोकरी मिळाली ती लांब अमरावतीला. तिची पुस्तकं माझ्यातूनच बसस्टँडवर गेली. मौद्याहून आलेली तिची आई बसच्या खिडकीला धरून रडत होती. "आता कवा येशीन वं?" असं पुन्हा पुन्हा विचारत होती. विश्वनाथराव थोडे लांब उभे होते. बस सुटली तरी त्यांना त्या माउलीच्या जवळ जाववेना.

मित्रांनो, तुमच्या घरात काही उसवलेलं, फाटलेलं दिसलं तर ते त्याच दिवशी हातात घ्या. नीट पुसा, वाळवा, मग जोडा. आणि जोडलं नसेल तर जोडलं म्हणू नका. मला लागलेलं ठिगळ आजही घट्ट आहे. पण उत्तराची आई आजही महिन्यातून एकदा शिदोरी बांधून, दोन बस बदलून, लेकीला भेटायला अमरावतीला जाते.